बटाट्याचा फेस आणि मानेवरचा डाग

खरवईच्या आमच्या घरीं गेल्या वर्षीं चैत्रांत जी गोष्ट घडली ती पुष्कळ घरीं घडते, परंतु उंबऱ्याबाहेर सांगितली जात नाहीं. आमच्या थोरल्या बंधूंची कन्या पंचवीस वर्षांची. शिक्षण पुरें करून कल्याणास नोकरीवर जाते, आणि त्या वेळीं तिची पत्रिका दोन ठिकाणीं गेलेली होती. एका रविवारीं तिच्या केसांस तेल लावतां लावतां आमच्या आत्याबाईंचा हात एकदम थांबला. उजव्या कानाखालीं, मानेवर, चिंचोक्याएवढा एक पांढरा डाग होता. आत्याबाई कांहीं बोलल्या नाहींत. तेलाची वाटी तशीच ठेवून त्या देवघरांत जाऊन बसल्या, आणि त्यांच्या त्या गप्प बसण्यावरूनच घरांतील बायकांस काय तें कळलें. त्या रात्रीं आमच्या अकरा माणसांच्या पंक्तीस मुलें सोडून कोणी धड जेवलें नाहीं.

दुसऱ्या दिवसापासून कारणांचा शोध सुरू झाला. "अगो, दुधावर कांहीं आंबट खाल्लें होतेंस का?" असें आत्याबाई दिवसांतून दहा वेळां विचारीत. धाकट्या वहिनींच्या मतें घरांतलें बोडण दोन वर्षें राहून गेलें होतें, त्याचा हा परिणाम. बंधूंनीं औद्योगिक वसाहतीकडे बोट दाखविलें. खरवईस रासायनिक कारखाने आहेत. तेव्हां खोकला असो कीं केस गळणें असो, सगळ्याचें खापर तिकडे फोडण्याची आमच्या आळींत पद्धतच पडून गेली आहे. यांपैकीं कोणाचें खरें याचा निकाल लागण्यापूर्वींच आत्याबाईंनीं बावचीचें बीं गोमूत्रांत वाटून त्याचा लेप डागावर लावला आणि मुलीस गच्चीवर उन्हांत बसविलें. संध्याकाळपर्यंत तेथें टरटरून फोड आला. तो फोड पाहिल्यावर मात्र आम्हीं विचार करणें थांबविलें आणि मुलीस घेऊन मुंबईची गाडी धरली.

तेथील त्वचारोगतज्ज्ञ बाई शांत स्वभावाच्या होत्या. त्यांनीं खोलींत अंधार करून जांभळ्या प्रकाशाचा एक दिवा मानेजवळ धरला. डाग खडूसारखा निळसर पांढरा चमकूं लागला. मग डोळे मिटावयास सांगून त्यांनीं कापसाचा बोळा डागावरून फिरविला आणि कळतें का म्हणून विचारलें. स्पर्श पूर्ण कळत होता. "महारोगाची शंका मनांत असेल तर ती येथेंच सोडून जा," त्या म्हणाल्या. हें कोड होतें. शास्त्रीय भाषेंत व्हिटिलिगो. तें स्पर्शानें लागत नाहीं, जीवितास त्यापासून धोका नाहीं, आणि जगांत शंभर माणसांत अर्ध्यापासून दोघांपर्यंत त्याचें प्रमाण सांगतात. बावचीचा फोड पाहून मात्र त्या रागावल्या. कारण ज्यास कोड होण्याची प्रवृत्ति आहे त्याच्या कातडीस जेथें भाजतें, घासतें वा खरचटतें तेथेंच पुष्कळदां नवा डाग उमटतो. बोलतां बोलतां त्यांनीं असेंही सांगितलें कीं, अशा रोग्यांच्या कातडींत हायड्रोजन पेरॉक्साइड सांठलेलें आढळतें.

परतीच्या गाडींत अंबरनाथ येईपर्यंत मुलगी खिडकीबाहेर पाहत होती. मग एकाएकीं तिनें विचारलें, "काका, जखम धुवायच्या बाटलींत असतें तेंच का हें पेरॉक्साइड? तें माझ्या मानेंत कसें गेलें?"

आमचें आयुष्य शाळेंत शास्त्र शिकविण्यांत गेलें. वैद्यकाचा अधिकार आम्हांस नाहीं, परंतु या प्रश्नाचें उत्तर देणें हें आमचें काम होतें. घरीं पोंचल्यावर आम्हीं एक कच्चा बटाटा मागविला. त्याच्या दोन फोडी केल्या. एक फोड तशीच ताटलींत ठेवली आणि दुसरीवर औषधाच्या दुकानांतील पेरॉक्साइडचे चार थेंब टाकले. थेंब पडतांच फोडीवर पांढरा फेस उसळला. आत्याबाईसुद्धां देवघरांतून बाहेर आल्या.

हा फेस म्हणजे निव्वळ प्राणवायु. पेरॉक्साइड म्हणजे पाण्याच्या रेणूस प्राणवायूचा एक परमाणु अधिक चिकटलेला. तो कोठें तरी टाकून द्यावयास तें सदैव उतावीळ असतें, आणि ज्यावर टाकील तें जळतें. फ्रेंच रसायनज्ञ तेनार यांनीं १८१८ सालीं हा पदार्थ शोधला, तेव्हांच त्यांच्या लक्षांत आलें होतें कीं, प्राण्यांच्या शरीराचे भाग त्यांत टाकले असतां तें आपोआप फुटून त्याचें पाणी होतें आणि प्राणवायु निसटतो. हें काम करणाऱ्या द्रव्यास ऑस्कर लोव यांनीं विसाव्या शतकाच्या प्रारंभीं कॅटलेज हें नांव दिलें, आणि १९३७ मध्यें सम्नर व डौन्स यांनीं बैलाच्या यकृतांतून त्याचे स्फटिक काढून दाखविले. अशा द्रव्यांस मराठी परिभाषेंत विकर म्हणतात. एन्झाइम हें नांव वाचकांच्या अधिक कानांवरून गेलेलें असेल. कॅटलेजचा एक रेणु एका सेकंदांत पेरॉक्साइडच्या लाखों रेणूंचें पाणी करतो आणि स्वतः जसाच्या तसा राहतो. बटाट्यांत तें आहे, आमच्या रक्तांत आहे, कातडींतही आहे. जखमेवर पेरॉक्साइड टाकल्यावर जो फेस येतो तो जखमेंतील घाणीचा, अशी आपली समजूत असते. वस्तुतः तो आपल्याच कॅटलेजचा पराक्रम होय.

जपानांत दुसरें महायुद्ध संपल्यानंतरच्या काळांत ताकाहारा नांवाच्या कान-नाक-घशाच्या शल्यवैद्यांनीं एका लहान मुलीच्या तोंडांतील कुजलेला भाग काढून जखमेवर पेरॉक्साइड ओतलें. फेस आला नाहीं. रक्त काळें पडलें. औषधाची बाटलीच चुकली अशी प्रथम त्यांस शंका आली. बाटली बरोबर होती. त्या मुलीच्या रक्तांत कॅटलेज जवळजवळ नव्हतेंच, आणि तिच्या भावंडांपैकीं कांहींची तीच स्थिति होती. एका फेस न येण्यावरून एक आनुवंशिक रोग जगास ठाऊक झाला. शास्त्राच्या इतिहासांत आम्हांस ही गोष्ट फार आवडते, कारण तेथें दुसरा कोणी असता तर त्यानें नवी बाटली मागवून काम उरकलें असतें.

आतां कातडीकडे येऊं. आपण श्वास घेतों त्या प्राणवायूचा अल्प अंश शरीरांत वांकड्या वाटेनें जातो; त्यास एक जादा विद्युत्कण चिकटून सुपरऑक्साइड नांवाचा उपद्रवी पदार्थ बनतो. कातडीवर तर वरून ऊन पडत असतें, आणि उन्हांतील अतिनील किरण हा उपद्रव वाढवितात. याच्या बंदोबस्तास पहिलें विकर आहे सुपरऑक्साइड डिस्म्युटेज. त्याची कथाही गमतीची आहे. १९३८ मध्यें मान व केलिन यांनीं बैलाच्या रक्तांतून तांबें असलेलें एक निळसर प्रथिन वेगळें काढलें, पण तें करतें काय हें कोणास सांगतां येईना. एकतीस वर्षें तें बिनकामाचें म्हणून पडून होतें. १९६९ सालीं अमेरिकेंत मॅक्कॉर्ड व फ्रिडोविच यांनीं दाखविलें कीं, सुपरऑक्साइड मोडणें हेंच त्याचें काम. परंतु मोडून त्याचें होतें काय? प्राणवायु आणि पेरॉक्साइड. म्हणजे पहिल्या पहारेकऱ्यानें पकडलेला चोर दुसऱ्याच्या ताब्यांत द्यावयाचा, आणि तो दुसरा म्हणजे कॅटलेज. त्याच्या जोडीस ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज म्हणून तिसरें एक विकर आहे. त्याच्या घडणींत सेलेनियम लागतें. कॅलिफोर्नियांतील संशोधकांनीं १९९४ मध्यें निरोगी माणसांच्या कातडीचे थर वेगवेगळे तपासले, तेव्हां खालच्या थरापेक्षां वरच्या थरांत हीं विकरें जास्त जोरांत आढळलीं, आणि कॅटलेज तर कित्येक पटींनीं. ऊन जेथें प्रथम पडतें तेथेंच पहारा मोठा.

आमचें व्याख्यान येथपर्यंत आलें तोंवर ताटलींतील पहिली, नुसती ठेवलेली फोड काळसर पडली होती. वांगें चिरून पाण्यांत टाकावें लागतें तें यासाठींच, हें घरांतील बायकांस सांगावयास नको. बटाट्यास वा वांग्यास काळें करणारें जें विकर आहे त्याच्याच कुळांतील, तांबें बाळगणारें टायरोसिनेज नांवाचें विकर आपल्या कातडींत रंग तयार करतें. कातडीच्या वरच्या थराच्या तळाशीं रंगपेशी असतात. एकेक रंगपेशी भोंवतालच्या सुमारें छत्तीस पेशींस मेलॅनिन नांवाचा रंग वांटते. गोऱ्या माणसांत व सांवळ्या माणसांत या पेशींची संख्या जवळजवळ सारखीच असते, फरक असतो तो त्या करीत असलेल्या रंगांत; आणि मुलगी पाहावयास येणारांनीं हें लक्षांत ठेवण्यास हरकत नाहीं. मेलॅनिन उन्हापासून आपलें रक्षण करतें, पण तें तयार होतांना पेरॉक्साइड उत्पन्न होतें. छत्री शिवणाऱ्याच्याच घरांत ठिणग्या उडाव्या तसा हा प्रकार. म्हणून रंगपेशीस शेजारधर्मानें मिळणाऱ्या कॅटलेजची गरज इतरांहून अधिक.

कोड झालेल्या माणसांच्या कातडींत हेंच कॅटलेज कमी असतें, असें जर्मनींतील संशोधिका कारिन शालरॉयटर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९१ सालीं प्रसिद्ध केलें. विशेष हें कीं, तें डागांतच कमी नव्हतें. त्याच माणसाच्या, डोळ्यांस निरोगी दिसणाऱ्या कातडींतही कमी होतें. पुढें त्यांनीं कातडींत सांठलेलें पेरॉक्साइड प्रकाशकिरणांच्या साहाय्यानें प्रत्यक्ष मोजून दाखविलें, आणि २००९ मध्यें केस पिकण्याच्या बाबतींतही त्यांच्या व सहकाऱ्यांच्या संशोधनांत असाच हिशेब निघाला: पिकलेल्या केसांत पेरॉक्साइड सांठलेलें, कॅटलेज मंदावलेलें. हें आम्हीं सांगतांच मुलगी प्रथमच हंसली, आणि म्हणाली, "म्हणजे काका, तुमच्या डोक्याला आणि माझ्या मानेला एकच दुखणें!" अगदीं एकच नाहीं, परंतु आमच्या डोक्याकडे पाहून कोणी देवघरांत जाऊन बसत नाहीं, हें खरें.

येथें थांबलों असतों तर गोष्ट फार सुटसुटीत झाली असती: कॅटलेज कमी, तें भरून काढा, डाग जाईल. वर्तमानपत्रांतील व मोबाइलवरील जाहिराती नेमकें येथेंच थांबतात. आमच्या धाकट्या बंधूंनीं आठ दिवसांत अशा गोळ्यांची एक डबी आणलीसुद्धां. तिच्यावर प्राणवायुरोधक विकरें असल्याचें मोठ्या अक्षरांत छापलेलें होतें. विकर हें प्रथिन आहे. पोटांत गेलेल्या वरणाचें जें होतें तेंच बहुतांशीं त्याचें होतें; तें शाबूत राहून मानेच्या कातडीपर्यंत चालत जात नाहीं. कातडीवरच कॅटलेजसारखें काम करणारें मलम लावावें व जोडीस अतिनील प्रकाश द्यावा, हा प्रयत्न शालरॉयटर यांनीं स्वतः केला व यश आल्याचें लिहिलें. पण २००९ मध्यें ऑस्ट्रेलियांत खरें मलम व खोटें मलम कोणास कोणतें हें न कळूं देतां चाचणी घेतली, तेव्हां खऱ्या मलमाचा अधिक लाभ दिसून आला नाहीं. दोन्हीकडे जो गुण आला तो प्रकाशाचा. आणि जपानांतील ज्या घरांत कॅटलेजचा जन्मतःच अभाव होता, त्यांची म्हणून जी ठळक व्याधि वर्णिली गेली ती हिरड्या व जबडा कुजण्याची, कोडाची नव्हे.

तेव्हां कॅटलेजची उणीव हा कोडाचा एक धागा आहे, सगळें वस्त्र नव्हे. आजच्या समजुतीप्रमाणें पेरॉक्साइडनें गांजलेली रंगपेशी संकटाचे संदेश पाठविते, आणि शरीराचें रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशी त्या संदेशानें चाळवून तिच्यावरच तुटून पडतात. घरांतून धूर निघाला म्हणून आग विझविणारे यावेत आणि त्यांनीं घरच पाडावें, तसें होतें. ही चाल रोखणारें रक्सोलिटिनिब नांवाचें मलम अमेरिकेंत २०२२ सालीं कोडासाठीं मान्य झालें. आपल्याकडे त्यापूर्वींपासून टॅक्रोलिमससारखीं मलमें आणि अरुंद पट्ट्याचा अतिनील प्रकाश वापरीत आले आहेत; डाग वाढावयाचे थांबले असतील तर निरोगी जागेच्या रंगपेशी काढून डागावर रोवण्याची शस्त्रक्रियाही होते. आत्याबाईंच्या समाधानासाठीं हेंही सांगतों कीं बावचींत खरेंच गुण आहे. तींतील सोरालेन नांवाचें द्रव्य कातडीस उन्हाची तीव्र जाणीव देतें. इजिप्तमध्यें दुसऱ्या एका वनस्पतींतील त्याच जातीचें द्रव्य घेऊन कैरोच्या डॉ. एल मोफ्ती यांनीं १९४८ च्या सुमारास कोडावर शास्त्रशुद्ध उपचार सुरू केले. पण ऊन किती आणि लेप किती याचें माप पाट्यावर लागत नाहीं.

बंधूंच्या आक्षेपाकडेही दुर्लक्ष करणें न्यायाचें नव्हे. रसायनांनीं कातडीचा रंग जातो, हें खरें आहे. १९३९ सालीं अमेरिकेंत कातडीं कमावण्याच्या कारखान्यांतील कामगारांचे हात रबरी हातमोज्यांतील एका द्रव्यानें पांढरे पडले. तेव्हांपासून फिनॉलच्या गोतावळ्यांतील अशीं कित्येक द्रव्यें उघडकीस आलीं आहेत. टायरोसिनेज त्यांस रंगाचा कच्चा माल समजून हातीं घेतें आणि त्यांतून रंगपेशीस मारक असें कांहीं तरी तयार करून बसतें. परंतु अशीं द्रव्यें सांपडलीं तीं अंगास रोज चिकटणाऱ्या वस्तूंत. अलाहाबादच्या डॉक्टरांनीं १९९० सालीं दाखवून दिलें कीं, टिकलीच्या मागील गोंदांत असें एक द्रव्य असून त्यानें कित्येक स्त्रियांच्या कपाळावर टिकलीच्याच आकाराचा पांढरा डाग पडला. जपानांत २०१३ सालीं कानेबो या प्रसिद्ध कंपनीस आपलीं गोरेपणाचीं प्रसाधनें बाजारांतून परत बोलवावीं लागलीं. त्यांतील ऱ्होडोडेन्ड्रॉल या द्रव्यानें हजारों स्त्रियांच्या चेहऱ्यावर व हातांवर कोडासारखे डाग उठले होते. आमच्या पुतणीच्या मानेस कारखान्याचें कांहीं लागलें नव्हतें. तरीही डॉक्टरीण बाईंनीं सांगितल्यावरून घरांतील चिकटणाऱ्या टिकल्या व एक गोरेपणाचें मलम टोपलींत गेलें. तें मलम कोणाचें होतें हें अद्यापि कोणी कबूल केलेलें नाहीं.

खरा पेंच पुढें होता. पत्रिका गेलेल्या दोन्ही घरीं डागाविषयीं कळवावें कीं नाहीं? घरांत दोन तट पडले. मानेवरचा डाग केसांखालीं झांकतो, लग्न होऊन जाऊं द्या, असें म्हणणारांत आमच्या बंधूंचाच पुढाकार होता, आणि तो कठोरपणानें नव्हे तर भयानें. आमच्या वडील चुलत्यांनीं मनुस्मृतीचा तिसरा अध्याय काढला. ज्या कुळांशीं सोयरीक करूं नये त्यांच्या यादींत श्वित्री कुळ आहेच. आम्हीं त्यांस ती यादी पुढें वाचावयास लावली. तींत श्वित्री व कुष्ठी असे दोन वेगळे शब्द आहेत, म्हणजे कोड आणि महारोग एक नव्हेत हें त्या काळींही ठाऊक होतें. आपणच मागाहून 'श्वेतकुष्ठ' म्हणून दोहोंची मोट बांधली. आणि त्याच यादींत मूळव्याधीचें कुळ आहे, अंगावर दाट केस असणारांचें कुळ आहे, अग्निमांद्याचेंही आहे. मूळव्याधीची चौकशी करून ठरलेलें एकही लग्न आम्हीं पाहिलेलें नाहीं. काका हंसले, पण पोथी मिटतांना म्हणाले, "लोक विचारतील तें मुलांबाळांचें विचारतील."

तें विचारणें रास्त आहे, आणि त्याचें उत्तरही आहे. उत्तर अमेरिका व इंग्लंड येथील कोड झालेल्यांच्या कुटुंबांची जी पाहणी २००३ सालीं प्रसिद्ध झाली, तींत रोग्याच्या सख्ख्या भावंडांपैकीं शंभरांत सुमारें सहांसच कोड होतें. एकाच गर्भपेशींतून जन्मलेल्या जुळ्यांत, जेथें रक्तबीज सर्वस्वीं एक, तेथेंही एकास कोड असतां दुसऱ्यास तें शंभरांत तेवीस वेळांच आढळलें. वंशाचा वांटा आहे, पण अटळ वारसा नाहीं.

पुण्याच्या डॉ. माया तुळपुळे या स्वतः डॉक्टर असून स्वतः कोड अनुभवलेल्या. त्यांनीं श्वेता असोसिएशन ही संस्था काढून अशा माणसांचे मेळावे भरविले आहेत, त्यांत वधुवरांचेही. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा २००६ चा 'नितळ' हा चित्रपट अशाच एका तरुण डॉक्टर मुलीचा आहे. आम्हीं तो एका शनिवारीं रात्रीं सगळ्यांस बसवून दाखविला. बंधू मध्येंच उठून गच्चीवर गेले आणि बराच वेळ खालीं आले नाहींत.

पत्रें अखेर मुलीनें स्वतः लिहिलीं. आम्हीं लिहूं म्हणालों, तर ती म्हणाली, "मान माझी आहे." चार ओळी होत्या: काय आहे, कोठें आहे, उपचार काय चालू आहे, आणि भेटावयाचें असल्यास भेटावें. एका घरून आठव्या दिवशीं उत्तर आलें कीं पत्रिका जुळत नाहीं. वास्तविक ती छत्तीसांपैकीं सव्वीस गुणांनीं जुळल्याचें त्यांनींच मागें कळविलें होतें. दुसऱ्या घरून महिनाभर कांहीं आलें नाहीं. मग मुलाच्या आईंचा फोन आला. त्यांनीं डागाविषयीं दोन प्रश्न विचारले, महागाईविषयीं पुष्कळ सांगितलें, आणि पाऊस सरल्यावर बदलापुरास येऊं म्हणाल्या.

आठवड्यांतून दोनदां प्रकाशोपचार सुरू आहे. आत्याबाई आतां लेप लावीत नाहींत, पण दर रविवारीं चष्मा लावून मुलीची मान उजेडाकडे वळवितात. चौथ्या महिन्यांत त्यांस डागाच्या मध्यभागीं, एका बारीक केसाच्या मुळाशीं, मोहरीहून लहान असा तपकिरी ठिपका दिसला. केसाच्या मुळाशीं दडून राहिलेल्या रंगपेशी अशाच वर येतात, असें डॉक्टरीण बाईंनीं आधींच सांगून ठेवलें होतें. पुढच्या रविवारीं ठिपके तीन झाले. मानेच्या खालच्या अंगास दुसरा एक नवा, तांदळाएवढा डाग आहे. तो अद्याप तसाच आहे. आत्याबाई दोन्हींची नोंद दिनदर्शिकेवर शिसपेन्सिलीनें करून ठेवतात.